भिंतीकडची बाजू

करंजबंदर गावात माधवशेट पारकर हा कापडाचा व्यापारी राहत होता. माणूस हुशार, बोलायला गोड, राहायला नीटनेटका. खोड एकच होती. लोकांना दिसेल तेवढंच तो नीट करायचा. दुकानाची रस्त्याकडची भिंत तो दर वर्षी रंगवून घ्यायचा, पण मागच्या भिंतीचा गिलावा पडून विटा उघड्या पडल्या होत्या, तिकडे त्याने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडात साखर असायची. घरी बायको मथुराबाई काही विचारायला आली, की नुसता हुंकार. एका 'हं'वर शेटने इतकी वर्षं संसार रेटला होता, हे खरं तर कौतुकच म्हणायचं.

या गावाला एक छान वेड होतं. लोक लाकडी जहाजांची किटं मागवायचे आणि फुरसतीच्या वेळी घरात बसून जहाजं बांधायचे. खोक्यातून सगळं सुटं सुटं यायचं. तळाचा लांब कणा, त्यावर बसवायच्या फासळ्या, पातळ लाकडी पट्ट्या, दोरे, बोटाच्या पेराएवढा नांगर. पट्ट्या पाण्यात भिजवायच्या, हलक्या हाताने वाकवायच्या आणि सरस लावून फासळ्यांवर चिकटवायच्या. शाळेतले मास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर, पोस्टातल्या बाई, सगळ्यांची बोटं कायम सरसाने चिकट.

बंदरावरच्या देवीची जत्रा जवळ आली, की ही जहाजं वाचनालयाच्या फळीवर भिंतीला लावून मांडत. त्यातलं एक निवडून देवळाच्या सभामंडपात दोऱ्यांनी टांगत. मग वर्षभर ते तिथेच. दर्यावर निघालेला माणूस आधी देवीला नमस्कार करायचा आणि मग मान वर करून त्या जहाजालाही हात जोडायचा. निवडीचा मान हिराबाई तांडेल यांच्या घराण्याचा होता. त्यांच्या घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या गलबतांवर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुख्य होते. हिराबाईंनी एकदा बोट दाखवलं, की त्यावर कुणी तोंड उघडत नसे.

माधवशेटचं जहाज देवळात अजून एकदाही लागलं नव्हतं. गेल्या वर्षी कंपाउंडर गजा कांबळीचं साधंसुधं जहाज निवडलं गेलं, तेव्हा शेटला अन्न गोड लागेना. यंदा त्याने चंगच बांधला. तीन डोलकाठ्यांच्या मोठ्या जहाजाचं किट मागवलं आणि दुकान नोकरांवर सोपवून तो कामाला भिडला.

आता किट बांधणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक असते. एक पट्टी डाव्या अंगाला लावली, की पुढची उजव्या अंगाला लावायची. मग पुन्हा डाव्या, पुन्हा उजव्या. शेटलाही हे ठाऊक होतं. पण त्याने मनात वेगळाच हिशेब मांडला. फळीवर ठेवलेल्या जहाजाची एकच बाजू लोकांना दिसते. मग आधी ती बाजू झकास करू. भिंतीकडची काय, सवडीने करता येईल. झालं, चांगल्या रंगाच्या, बिनगाठीच्या पट्ट्या निवडून त्याने दर्शनी बाजू पुरी केली. घासून, पॉलिश करून ती अशी चमकवली, की पाहणाऱ्याने तोंडात बोट घालावं. दुसऱ्या बाजूला नुसत्या उघड्या फासळ्या होत्या.

त्याच सुमारास हिराबाई दुकानात कापड घ्यायला आल्या.

"शेट, यंदा देवळात तुमचाच गलबत लागतला, असा सगळे म्हणतत," त्या म्हणाल्या. "माझो दामू ह्या वर्साक पयल्यांदाच तांडेल होवन भायर सरतलो. जाताना त्याच गलबताक हात जोडतलो. बरा बांधल्यात मा?"

"हिराबाय, माझा गलबत बघून दर्यो वाट देतलो!" शेटने साखर पेरली. हिराबाईंचा चेहरा उजळला. एकुलत्या एका मुलाची आई ती, तिला तेवढंच हवं होतं.

शेट तरंगतच घरी आला. मथुराबाई चहा घेऊन आल्या आणि जहाजाच्या उघड्या बाजूला, भिंतीकडे बसल्या. त्यांनी जहाजाकडे बघितलं, मान तिरकी केली आणि पुन्हा बघितलं.

"अहो, ह्या गलबतान माझ्याकडे पाठ कित्याक फिरवल्यान?"

"हं," शेट सवयीने म्हणाला. मग दचकला. उठून जहाजाच्या नाळेसमोर, म्हणजे पुढच्या टोकासमोर, उभा राहिला आणि वाकून बघू लागला. सरस सुकताना एकाच अंगाच्या पट्ट्या आवळल्या होत्या आणि त्यांनी अख्खा कणा आपल्याकडे ओढून घेतला होता. जहाज केळ्यासारखं वाकलं होतं.

त्याने वजनं ठेवून पाहिली, दोऱ्यांनी ताणून पाहिलं. कणा जागचा हलेना. जत्रा तोंडावर आलेली. शेट डोक्याला हात लावून बसला. मग त्याला एक गंमत लक्षात आली. बाजूने बघितलं, तर वाक अजिबात दिसत नव्हता! फळीवर ठेवलं तर कुणालाही कळणार नव्हतं. आणि देवळात? देवळात एखाद्या खांबाला घट्ट चिकटवून टांगायला सांगू. शेटची कळी खुलली.

"कोणाक कळूचा नाय," तो बायकोला म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो तिच्याशी अख्खं वाक्य बोलला होता.

मथुराबाईंनी कप उचलला. "दिसता ती बाजू तुमची," त्या म्हणाल्या, "मग न दिसता ती कोणाची ओ?" आणि आत निघून गेल्या.

एवढंच. पण ते वाक्य शेटच्या अंगाला खाजकुयलीसारखं लागलं. त्याला दुकानाची मागची भिंत आठवली. आत गेलेल्या बायकोची पाठ आठवली. आणि मग दामू आठवला. पहिल्यांदाच इतक्या माणसांचा जीव हाती घेऊन निघालेला तो पोरगा उद्या मान वर करून हात जोडणार, तो या वाकड्या जहाजाला. आपल्या शब्दावर त्याची आई निर्धास्त झाली होती. माधवशेटला मनापासून शरम वाटली. गिऱ्हाइकाला खोटं बोलूनही त्याला असं कधी वाटलं नव्हतं.

तो उठला. पाणी गरम केलं, फडकं भिजवलं आणि त्या चकचकीत पट्ट्यांवर ठेवलं. सरस मऊ झाला तशी तो एकेक पट्टी सोडवू लागला. पॉलिश गेलं, बऱ्याच पट्ट्या तुटल्या, इतक्या दिवसांचं काम डोळ्यांदेखत उतरलं. पण ताण सुटला तसा कणा सरळ होत गेला. शेटला वाटलं, आपणच कुठेतरी आवळले गेलो होतो ते मोकळे झालो.

"मथुरा," त्याने हाक मारली, "जरा हयसर ये गो. तू ती बाजू धर, मी ही धरतंय."

मथुराबाई आल्या. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. तो लावायचा, त्या सुकेपर्यंत धरून बसायच्या, आणि धरून बसायचं म्हणजे बोलणं आलंच. वर्षानुवर्षांचं तुंबलेलं बोलणं त्या दिवसांत झालं. उरलेल्या पट्ट्या मात्र निम्म्या जहाजालाच पुरल्या.

जत्रेआधी वाचनालयात सगळी जहाजं मांडली गेली. शिडं, झेंडे, झळाळी. त्यात माधवशेटचं जहाज अर्धवट, दोन्ही अंगांनी सारखंच उघडं. वर त्याने ते भिंतीला न टेकवता नाळ लोकांकडे करून ठेवलं. लोक हसले. गजा कांबळी तर म्हणाला, "शेट, उरलेला गलबत खंय, गोदामात?"

हिराबाई समोर येऊन थांबल्या. "ह्या अर्धवट कित्याक ओ?"

मागे शेटला उत्तरासाठी साखर शोधावी लागली असती. आता लागली नाही. ताठ उभं राहून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दिसता ती बाजू आधी केलंय, म्हणान कणो वाकलो, मगे सगळा सोडवन परत सुरू केलंय. फळयेवर भिंतीक लावन ठेवलंय असतंय तर तुमका कळला नसता. पण हिराबाय, देवळात त्याका भिंत खंय?"

हिराबाईंनी वाकून, एक डोळा मिटून कण्याकडे बघितलं. मग त्यांनी निवड केली ती पोस्टातल्या बाईंच्या जहाजाची. ते पुरं झालेलं होतं आणि चांगलंही होतं. जाता जाता त्या माधवशेटला एवढंच म्हणाल्या, "फुडल्या वर्साक ह्याच आणा. नवा नको."

त्या वर्षी शेटला अन्न गोड लागलं. दुकानाची मागची भिंत गिलावा करून रंगवली गेली. त्या बाजूने कुणी जात नसे. शेट स्वतः जाऊन बघून यायचा आणि खूश व्हायचा.

पुढच्या जत्रेला त्याचं जहाज देवळात लागलं. दामू तांडेलने बाहेर पडताना मान वर करून हात जोडले. दर्यावरचा वारा सभामंडपात शिरला आणि दोऱ्यांवरचं जहाज सावकाश फिरू लागलं. आधी एक बाजू दिसली, मग नाळ, मग दुसरी बाजू. खाली मथुराबाई शेजारी उभ्या होत्या.

"खंयची बाजू भिंतीकडची होती ओ?" त्यांनी विचारलं.

माधवशेटने खूप वेळ वर बघितलं. त्याला सांगता आलं नाही.

तात्पर्य: जी बाजू कुणी बघणार नाही, तीही तितक्याच मनाने करावी, कारण दोन्ही बाजूंचा कणा एकच असतो.