मुकं व्रत

"पाय कुठे लपवतेस, मथुरे?"

मथुराने पदर सावरल्यासारखं केलं आणि साडीचा काठ आणखी खाली ओढला.

"कुठे काय, माई?"

मठ सांभाळणाऱ्या जिऊमाई, मथुराच्या गुरू, धुनीपाशी बसल्या होत्या. मठाच्या पत्र्यावर श्रावणसर वाजत होती. त्या नुसत्या साडीच्या काठाकडे बघत राहिल्या.

माघात मथुराची लेक वैजू आठव्या महिन्यातच बाळंत झाली होती. पोर ओंजळीत मावेल एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवलेली. तेव्हा मथुराने याच मठात, याच धुनीपुढे पदर पसरला होता.

"पोर घरी येऊ दे. सबंध श्रावण अनवाणी राहीन. पायाला काही रुतलं, बोचलं, तरी हूं की चूं करणार नाही. कुणाला कळूसुद्धा देणार नाही."

पोर घरी आली. दूध ओढायला लागली, बाळसं धरलं, आजीचे केस मुठीत धरून खिदळायला लागली.

अनवाणी राहण्याचा नवस पुष्कळ बायका बोलतात. पण हूं की चूं न करणं हे मथुराचं स्वतःचं होतं. त्याचा तिला आतल्या आत जरासा तोराही होता. देवानं ऐकलं ते त्या शेवटच्या वाक्यामुळे, असं तिला वाटे.

आणि श्रावण सरता सरता, गोठ्यामागच्या शेणा-चिखलात बाभळीचा काटा टाचेत मोडला. ती बोलली नाही.

आता पिठोरी अमावास्या उद्यावर आली होती. लेकराबाळांची अमावास्या. त्याच दिवशी उद्यापन. वैजू पोरीला घेऊन यायची होती.

"माई, तुम्हीच सांगा हिला." दारातून तिचा नवरा श्रीपती म्हणाला. त्याच्या हातात टेम्पोची किल्ली होती, आणि तो ती उगाच या हातातून त्या हातात करत होता. "काल अशी हुडहुडी भरली, गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. डॉक्टरकडे चल म्हटलं, तर आधी माईंकडे म्हणते."

"ते कालचं झालं." बोलता बोलता मथुराला मध्येच श्वास घ्यावा लागला. "आज बघा ना... अंग कसं गार पडलंय. ताप उतरला. तुमच्या धुनीची राख लावली होती, माई. गुण आला."

"कुठे लावलीस?"

मथुराने साडीचा काठ पायावर घट्ट धरला.

"कपाळाला लावायला दिली होती मी."

मथुराने मान खाली घातली.

जिऊमाई सरकत पुढे आल्या आणि त्यांनी स्वतःच्या हाताने साडीचा काठ वर केला.

पाय घोट्यापर्यंत सुजून तुकतुकीत झाला होता. टाचेवर राखेचा काळा लेप. त्याच्या कडेनं पिवळं पाणी झिरपत होतं. पोटरीवरून एक लाल रेघ गुडघ्याच्या दिशेनं चढत गेली होती.

दारात श्रीपतीनं तोंडावर हात धरला. एका छपराखाली राहून त्याला पत्ता नव्हता.

माईंनी मथुराचा हात हातात घेतला. हात रांजणासारखा गार होता, आणि मनगटातली नाडी मात्र धावत सुटलेली.

"पाणी प्यालीस का?"

"घोट घोट."

"लघवीला?"

"नाही... सकाळपासून लागलीच नाही."

माईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "नातीचं नाव काय गं ठेवलंत?"

मथुरा हसली. हे काय विचारणं झालं! बारशाला पाळणा तिनेच म्हटला होता, प्रत्येक कडव्याला ते नाव घालून. तिनं तोंड उघडलं.

नाव येईना.

तिला काचेची पेटी दिसली. पाळण्याला बांधलेली झेंडूची फुलं दिसली. इवलीशी मूठ दिसली. नाव तेवढं कुठे दिसेना.

"थांबा हं, माई... सांगते."

धुनीत लाकूड तडतडलं.

"श्रीपती," माई म्हणाल्या, "गाडी दारात लाव."

"नाही!" मथुरानं खांबाला हात घातला. "एक उद्याचा दिवस. उद्यापन होऊ दे, मग न्यायचं तिथे न्या. नवस अर्धा टाकला तर पोरीवर येईल."

"पोरीवर काही येत नाही."

"तुम्हाला काय जातं बोलायला!"

हे आपणच बोललो का, असं मथुराला वाटलं. माईंशी ती असं कधी बोलली नव्हती. पण जीभ आता थांबेना.

"तुम्ही मोडलंत का तुमचं? तुमचा सख्खा भाऊ ओढ्यापलीकडे वारला. तुम्ही अलीकडच्या काठावर उभं राहून हात जोडलेत. शीव ओलांडली नाहीत. मग मलाच का?"

खरं होतं ते. जिऊमाईंचा क्षेत्रसंन्यास होता. त्यांच्या गुरूंनी समाधी घेतली त्या दिवशी त्यांनी संकल्प केला होता, की मरेपर्यंत या गावाची शीव ओलांडायची नाही. ओढ्याकाठी शिवेचा म्हसोबा होता. त्याच्यापुढे माईंचं पाऊल कधी पडलं नव्हतं. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

माईंनी काठी उचलली. डोक्यावर घोंगडीसुद्धा न घेता अंगणात उतरल्या, भर पावसात टेम्पोपर्यंत गेल्या, आणि दार धरून, धापा टाकत पुढच्या बाकावर चढून बसल्या.

श्रीपती बघतच राहिला. "माई... पुढे ओढा आहे."

"ओढा कुठे जाणार? तिथेच असणार. तिला आण."

गुरू गाडीत आणि आपण मठात. मथुराचा खांबावरचा हात आपोआप सुटला.

म्हसोबापाशी आल्यावर श्रीपतीचा पाय ब्रेकवर गेला. ओढ्यावरच्या फरशीपुलावरून गढूळ पाणी वाहत होतं, पण अडवावं एवढं नव्हतं. तो पाण्यासाठी थांबला नव्हता.

"आता का थांबलास?"

"धीर होईना, माई."

शेंदराच्या दगडाकडे बघून माईंनी हात जोडले.

"म्हसोबाराया, घडीभर डोळा मीट."

आणि श्रीपतीला म्हणाल्या, "चल."

गाडी पाण्यात शिरली. मथुराने डोळे गच्च मिटून घेतले.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वैजूच्याच वयाच्या. त्यांनी पाय बघितला, दंडाला पट्टा बांधून प्रेशर घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"जखमेवर काय लावलंय?"

मथुराने ओठ घट्ट मिटले.

"माझ्या धुनीची राख," माई म्हणाल्या. "माझ्या हातानं दिलेली."

डॉक्टरीणबाईंच्या ओठांवर रागाचं काहीतरी आलं होतं. म्हाताऱ्या, निथळत्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं.

मग खोलीत धावपळ उडाली. नाकाला ऑक्सिजनची नळी. दोन्ही हातांना सुया. आधी बाटल्यांत रक्त काढून घेतलं, आणि लगेच शिरेतून औषध सुरू केलं. सलाईन भराभर सोडलं. टाच उघडून पू काढला, तेव्हा काट्याचं काळं टोक बाहेर आलं.

"जखमेतले जंतू रक्तात उतरलेत," डॉक्टरीणबाई श्रीपतीला सांगत होत्या. "टाचेत होते तोवर टाचेचं दुखणं होतं. रक्तात गेले, आता सगळ्या अंगाचं झालं. प्रेशर पडलंय, मूत्रपिंडांना रक्त पोचत नाही, म्हणून लघवी नाही. मेंदूलाही पुरत नाही, म्हणून त्या अशा बरळताहेत."

"पण ताप तर उतरला होता..."

"तो उतार नव्हता, काका. अंग हरत चाललं होतं."

"वाचेल ना?"

"नेमका कोणता जंतू ते रक्ताच्या तपासणीतून कळेल. त्याला दोन-तीन दिवस लागतील. तोवर हात बांधून बसत नाही मी, औषध सुरू केलंय. रात्र जाऊ द्या."

श्रीपती भिंतीला टेकून खाली बसला.

मथुराला यातलं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. तिला वाटत होतं, आपण काचेच्या पेटीत आहोत आणि बाहेरून कुणीतरी बघतंय. ती नळ्या ओढायला हात उचलायची. प्रत्येक वेळी एक खरखरीत हात तिचा हात हळूच खाली ठेवायचा.

पिठोरी तशीच गेली.

पुढे केव्हातरी सकाळी तिनं डोळे उघडले. उशाशी माई बसल्या होत्या.

"शर्वरी," मथुरा म्हणाली. "नातीचं नाव शर्वरी आहे, माई."

माईंनी डोळ्यांना पदर लावला.

रक्ताचा अहवाल आला. जंतू कळला, त्यावर नेमकं लागू पडणारं औषध सुरू झालं. लघवी सुटली. पायाची सूज ओसरली. श्रीपती घरून भाताची पेज आणू लागला. वैजू दारातून पोरीला दाखवून गेली, आणि पोर नळ्यांकडे बघून हसली.

सगळं चांगलं चाललं होतं. मथुराच्या मनात मात्र हिशेब चालला होता. उद्यापन हुकलं; आणि श्रावण सरला तरी ते होईपर्यंत नवस सुटत नाही. इथे जमिनीवर पाय ठेवायचा तर चपला घालायला लावतात, म्हणजे अनवाणी राहणंही मोडलं. राहिलं काय? हूं की चूं न करणं. तेवढं अजून शाबूत होतं. आजवर कुणाजवळ "दुखतंय" म्हणून तोंड उघडलं नव्हतं. तेवढ्या एका धाग्यावर पोर सुरक्षित आहे, असं तिला वाटत होतं. घरी जाऊन राहिलेलं उद्यापन करून घेतलं, की झालं.

डॉक्टरीणबाई फेरीला आल्या.

"काय मावशी, घरी जायची घाई झालीय म्हणे?"

"हो बाई. लेक खोळंबलीय."

"उद्या सोडायला हरकत नाही. पण इंजेक्शनं गावच्या आरोग्यकेंद्रात पुरी करायची. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाहीत." त्यांनी नाडी धरली. "आणि खरं खरं सांगा. पुन्हा थंडी वाजली? छातीत धडधड? पाठ, कंबर दुखते? रक्तातले जंतू कधी कधी जाऊन मणक्यात बसतात, हृदयाच्या झडपेवर बसतात. वेळेत कळलं तर औषध आहे. म्हणून रोज विचारते."

मथुराची पाठ पहाटेपासून ठणकत होती. कमरेच्या जरा वर, आत खोल, कुणी पहार रुतवून ठेवल्यासारखी. कुशीवर वळलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मघाशी अंगावरून शिरशिरीही गेली होती. तिनं चादर ओढून घेतली होती.

"काही नाही," ती म्हणाली. "ठणठणीत आहे मी."

"छान." डॉक्टरीणबाईंनी हसून कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या पलीकडच्या खाटेकडे वळल्या.

माई मथुराच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"माझ्यामुळे तुमचं व्रत मोडलं, माई," त्या नजरेपुढे काहीतरी बोलायचं म्हणून मथुरा म्हणाली. "त्याला प्रायश्चित्त काय?"

"मोडलं ते मोडलं. मी नवं धरलंय."

"कसलं?"

माई पलीकडच्या खाटेकडे वळल्या.

"डॉक्टरीणबाई!" त्यांनी हाक मारली. सबंध वॉर्डातल्या माना वळल्या. "माझा गुडघा दुखतो हो. फार दुखतो. इथला जिना चढताना जीव जातो."

मथुरा थक्क होऊन बघत राहिली. इतक्या वर्षांत माईंच्या तोंडून तिनं "दुखतं" हा शब्द ऐकला नव्हता.

डॉक्टरीणबाई लगबगीनं परत आल्या. "अहो आजी, मग इतके दिवस बोलला का नाहीत? दाखवा बघू."

"दाखवते." माईंनी पाय पुढे केला, आणि मथुराच्या हातावर आपला हात ठेवला. "मी सांगितलं, मथुरे. आता तू सांग."