गरुडवेग आणि करवंदीची फुलं

घोडे बोलत आणि माणसं निवांत ऐकत, त्या काळातली ही गोष्ट. शर्यती जिंकून जिंकून थकलेला गरुडवेग नावाचा घोडा धुक्यातल्या एका डोंगरगावी आला. पाहुण्यांना पाठीवर बसवून रानातून सावकाश फिरवून आणायचं, एवढंच आता त्याचं काम. पण कुणी लगाम ताणला की त्याच्या अंगात वारं शिरे आणि तो सुसाट सुटे. शर्यतीच्या मैदानावर त्याला तेच शिकवलं होतं: लगाम ताणला की आणखी जोरात पळायचं. दोन पाहुणे पडले. "तिसरा पडला, तर हा घोडा इथं नको," मालक सखारामदादा म्हणाले.

गरुडवेग रडकुंडीला आला. "पाठीवरचे सांगतात तसंच तर करतो मी!" तो शेजारच्या म्हाताऱ्या घोडीला, गौरामावशीला म्हणाला.

"अरे वेड्या, तिथं लगाम ताणणाऱ्याला जिंकायचं असतं. इथला घाबरलेला असतो. त्याची बोटं काय म्हणतात ते ऐक."

दुसऱ्या दिवशी पाठीवर इंदूआजी बसल्या. उतार लागताच त्यांनी लगाम ताणला. गरुडवेगचे पाय शिवशिवले. तेवढ्यात लगामातून बोटांची थरथर त्याच्या ओठांपर्यंत पोचली आणि तो थांबला. जणू धुकंही थांबलं. हळूहळू आजींचा श्वास शांत झाला, लगाम सैल झाला आणि कुठूनसा गोड वास आला.

"करवंदी फुलल्यात रे राजा," आजी म्हणाल्या. "थांब हं जरा."

बाकीचे घोडे केव्हाच परतले होते. गरुडवेग उन्हं कलल्यावर आला.

"कितवा आलास रे?" गौरामावशीनं हसून विचारलं.

गरुडवेग क्षणभर आठवत राहिला.

"ते बघायचं राहिलंच," तो म्हणाला. "पण करवंदी फुलल्यात, मावशी."