मोटारीची तारीख

वस्तू बोलायच्या, त्या काळातली गोष्ट. लिंबाच्या सावलीत एक सायकल वर्षानुवर्षं उभी राहायची. शेजारी नवी मोटार आली आणि तिने सरळ दावाच लावला. "सावली माझी. ही दोन चाकांची काडी मरू दे उन्हात!"

न्यायाला दगडी जातं बसायचं. ते जागचं हलत नसे, म्हणून गावाचा त्याच्यावर भरवसा. तारखेला कोंबडा तीन हाका मारी. दावेदाराची ओ आली नाही, तर दावा गेला.

तारखेच्या दिवशी सायकल म्हणाली, "मोटारबाई, बोळातून चार पावलं आहेत. चल, बरोबर जाऊ."

"बोळातून? मी? मला मोबाईल रस्ता दाखवतो."

मोबाईलने तिला अख्खं गाव दाखवलं. शेवटी जात्याच्या फाटकाशी पोचली, तर पुढे गाड्यांची ही रांग! आत कोंबडा हाका मारत होता. मोटारीने जीव तोडून हॉर्न वाजवला.

"दावा फेटाळला," जातं म्हणालं.

"अहो, मी ओ दिली की!" मोटार बाहेरून ओरडली.

"त्यातली तुझी कुठली, बाई? सगळ्याच बोंबलत होत्या."

सायकल बोळातून घरी आली आणि सावलीत टेकली. मोटार रांगेतून सुटून घरी पोचली, तेव्हा ऊनच उरलं नव्हतं.