न खरवडलेली कूस

माडबंदराच्या किनाऱ्यावर, माडांच्या सावलीत निर्मळ महाराजांची झोपडी होती. दर्यावर निघणारा खारवी त्यांच्या पायांवर डोकं ठेवूनच होडीत चढे. अपवाद एकच, हरबा नाखवा. गावातला सगळ्यांत मोठा मचवा त्याचा आणि ताठाही तेवढाच मोठा!

त्या मचव्याचं बूड साफ करायचं काम गोमाजीकडे असे. ओहोटीला मचवा वाळूवर कलता करायचा, वर आलेल्या कुशीला चिकटलेले शिंपले पटाशीने खरवडायचे, फळी न् फळी ठोकून कीड कुठं लागली ते बघायचं, मग वर डांबर. दुसऱ्या दिवशी दुसरी कूस. गोमाजी एकेका शिंपल्यामागे देवाचं नाव घेई. हरबा हसे, "गोम्या, बूड खरवडतोयस की देवाला उटणं लावतोयस?"

त्या वर्षी दुसरी कूस अर्धीच झाली आणि हरबाला दम निघेना. "बाकीचे मचवे उद्या सुटतायत. फास डांबर शिंपल्यांवरूनच! बुडाखाली वाकून बघतोय कोण?"

"नाखवा, एक फळी पोकळ वाजतेय हो," गोमाजी कळवळून म्हणाला.

"तुझं डोकंच पोकळ!"

झालं, डांबर फासलं गेलं. आता गावची रीत अशी की ज्याने बूड तयार केलं, त्याने पहिल्या खेपेला बरोबर जायचं. गोमाजी धावतच महाराजांकडे गेला. "महाराज, एक फळी पोकळ आहे, फार भीती वाटतेय. मचव्यावर माझ्यासकट सात जीव आहेत."

महाराज म्हणाले, "जा बाळा. फक्त त्या फळीवरचा हात काढू नकोस."

भर दुपारी, किनारा दिसेनासा झाला तेव्हा ती फळी फुटली. पाणी भसकन आत घुसलं. माणसं बादल्यांनी उपसत होती, तरी ते घोट्यांवरून गुडघ्यांवर चढलं. हरबाचा चेहरा पांढराफटक पडला. "गोमा, काही तरी कर रे! मेलो आपण!"

गोमाजीने डोक्याचं फडकं भोकात कोंबलं आणि त्यावर तळहात दाबला. पाणी बोटांमधून उसळतच होतं. देवाचं नावही त्याला आठवेना, इतका तो घाबरला. आणि अचानक फडक्यापलीकडून, समुद्राच्या बाजूने, कुणीतरी हात दाबला! चांगला ऊबदार हात. पाणी थांबलं. गोमाजी रडू लागला, पण त्याने हात काढला नाही.

संध्याकाळी मचवा किनाऱ्याला लागला. ओहोटीला तो कलता केला, तर काय आश्चर्य! फुटक्या फळीवर डांबरात पाच बोटांचा पंजा उमटला होता.

सगळे झोपडीकडे धावले. महाराज दुपारपासून भिंतीला तळहात टेकवून बसले होते. हात खाली घेतला, तर तळव्याला डांबर, आणि शिंपल्यांनी कापल्याच्या रक्ताळलेल्या रेघा.

हरबाने त्यांचे पाय धरले. "महाराज, चुकलो! तो पंजा मी जन्मभर जपेन. देवासारखा पुजीन."

"वेडा आहेस का?" महाराज म्हणाले. "फळी कुजकी आहे. पंजासकट काढून टाक, नवी बसव. आणि ती कूस आधी पुरी खरवड."

हरबाने गोमाजीकडून पटाशी मागून घेतली. बुडाखालचे शिंपले काढायचे तर ताठ उभं राहून चालत नाही. हरबा नाखवा ओल्या वाळूत गुडघे टेकून, मान खाली घालून खरवडू लागला, आणि एकेका शिंपल्यामागे देवाचं नाव घेऊ लागला.