थांबलेली सभा

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध गुरुजी राहत होते. पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना मिळाव्यात म्हणून त्यांचा एक शिष्य वर्षभर घरोघर फिरत होता. अखेर द्वारकाबाई नावाच्या एक विधवा बाई उभ्या राहायला तयार झाल्या. त्या निवडून आल्या तर इतर वस्त्यांतल्या बायकाही पुढे येणार होत्या. त्या पडल्या तर ‘बायकांना हे जमत नाही’ असे ठरवून गाव मोकळे होणार होते.

गावाची रीत अशी, की उमेदवाराने चावडीसमोर उभे राहून बोलायचे आणि मग गावाने हात वर करून कौल द्यायचा. शिष्याने द्वारकाबाईंसाठी भारदस्त भाषण रचले आणि त्यांच्याकडून ते पाठ करून घेतले.

सभेत द्वारकाबाई दोन वाक्ये बोलल्या आणि अडल्या. पुढचे आठवेना. पदराचे टोक बोटाला गुंडाळत त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. शिष्य पुढचा शब्द सांगायला अर्धवट उठला, तोच गुरुजींनी त्याचे मनगट धरून त्याला खाली ओढले.

“गुरुजी, एकच शब्द अडलाय त्यांना.”

“बस खाली.”

गुरुजींनी पकड सोडली नाही. शांतता वाढत गेली. समोर उमेदवार म्हणून बसलेला व्यापारी मिशीत हसला. “काय द्वारकाबाई, घरी डाळ शिजत ठेवलीय का? जीव तिकडं लागलेला दिसतोय.”

द्वारकाबाईंनी मान वर केली. “शिजत कुठली शेठजी, अजून निवडतेच आहे. तुमच्याच दुकानातली आहे ना.”

सभा खदखदून हसली. हसू ओसरल्यावर द्वारकाबाई म्हणाल्या, “पाठ केलेलं विसरले. आता माझं बोलते. निम्मं गाव बायकांचं आहे, तर निम्म्या जागा आम्हाला द्या. उपकार म्हणून नको. कारभार चुकला तर पुढच्या वेळी पाडा, पुरुषांना पाडता तसं.”

हात वर झाले, तेव्हा व्यापाऱ्याच्या वाट्याला थोडेच आले. त्याच्या बायकोचा हातही द्वारकाबाईंच्या बाजूने होता.

परतताना शिष्य आनंदात होता, पण दुखावलाही होता. “गुरुजी, मदत करायला उठलो होतो मी. अडवलंत का?”

“तू शब्द सांगितला असतास, तर त्या पुढे बोलल्या असत्या. पण गाव म्हणालं असतं, बोलतो हा, ओठ तेवढे बाईंचे. आणि तुझं पहिलं भाषण विसरलास वाटतं. याच चावडीवर तुझी बोबडी वळली होती, रडायचाच बाकी होतास. जुनी माणसं म्हणाली, ‘पोरगं नवं आहे, होईल तयार,’ आणि तंबाखू मळत बसून राहिली. पुरुषांना जमत नाही, असं कोणी म्हणालं नाही. तुला न मागता मिळालं, ते त्यांनाही मिळावं, एवढंच मला वाटलं.”

“आणि त्या बोलल्याच नसत्या तर?”

गुरुजी म्हणाले, “तर आज आपण हरलो असतो, आणि दोष माझा असता. मला खात्री नव्हती रे. तुझा हात धरून होतो, तो थोडा माझ्याही आधारासाठी.”

आपल्यासाठी तंबाखू मळत थांबलेली ती माणसे शिष्याला एकेक करून आठवू लागली. बरीचशी आता हयात नव्हती. त्यांचे आभार मानायचे त्याला कधी सुचलेच नव्हते. वाटेतच उभे राहून त्याने मनोमन त्यांना हात जोडले.

आपल्यापैकी जो चारचौघांत बोलू शकतो, त्याच्यासाठी कधीतरी कोणीतरी थांबलेले असते.