सीलबंद धडाडसिंग

व्हिडिओ गेमच्या कॅसेट भाड्याने मिळायच्या, त्या काळी एका गेममधल्या धडाडसिंग योद्ध्याचा पुतळा पुठ्ठ्याच्या खोक्यात सीलबंद झाला. जुन्या खेळण्यांचा संग्रह करणाऱ्या उदयनरावांनी तो खोका न उघडता कपाटात जपून ठेवला. पण पहिल्याच उन्हाळ्यात उकाड्याने डिंक सुटला आणि धडाडसिंगाचा तलवारीचा हात खांद्यातून निखळला. तेव्हापासून त्याला एकच धास्ती होती, कुणी पाहिलं तर?

वीस वर्षांनी अशा संग्रहातल्या वस्तूंची पारख करून दर्जा ठरवणाऱ्या देवस्थळीबाई आल्या. त्यांनी भिंगातून खोक्याचे आठही कोपरे तपासले, सीलवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अव्वल दर्जा. इतका सुंदर नग मी आजवर पाहिला नाही."

आत धडाडसिंग सुन्न झाला. "भिंगदादा," तो पुठ्ठ्याआडून कुजबुजला, "माझा हात तुटलाय. तुम्हाला दिसला नाही?"

"तुला पाहिलंच कुणी?" भिंग म्हणालं. "सील फोडलं की दर्जा गेला."

"मग अव्वल कोण ठरलं?"

"खोका."

बाहेर उदयनराव बाईंना पेढा देत होते. वीस वर्षं लपवलेला तो तुटका हात कुणीतरी एकदा पाहावा, असं धडाडसिंगाला पहिल्यांदाच वाटलं.