टपावरची चकाकी

दौलतराव सभापती कोटिंगच्या दुकानासमोर गाडीतून उतरतात न उतरतात, तोच चार कार्यकर्त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यांनी धुळीनं भरलेलं बॉनेट खसाखसा पुसलं.

"सहा महिन्यांत बॉनेटभर ओरखडे!" दौलतराव गरजले. "रंगावर चकाकीचं कोटिंग केलंस की नुसतं पाणी मारलंस? दुकानाला टाळं लावीन!"

कोटिंगवाल्या वैजयंताबाईंनी स्टूल मांडलं आणि टपावर बादलीभर पाणी ओतलं. "साहेब, चढून बघा जरा."

साहेब चढले. टपात त्यांना स्वतःच्या मिशा लख्ख दिसल्या.

"कोटिंग तेच आहे," बाई म्हणाल्या. "पण धुळीवर कोरडं फडकं घासलं की ओरखडे उठतातच. टपावर कुणी घासत नाही, कारण तिथली सेवा तुम्हाला दिसत नाही."

चारही उपरणी गुपचूप पाठीमागे गेली.